गेम बॉयच्या पडद्यावर वाईची एसटी

निंटेंडो कंपनीचे ‘गेम बॉय’ हे हातात धरून खेळायचे यंत्र २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये विक्रीला आले. पुढे १९९८ मध्ये त्याची रंगीत आवृत्ती निघाली, दोन्ही मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे जगभर विकली गेली आणि २००३ मध्ये उत्पादन थांबले. व्यापाराच्या हिशेबात विषय तिथे मिटला. तरीही या यंत्रासाठी आज नवे खेळ लिहिले जातात, ते लिहिण्याची साधने हौशी लोक फुकट उपलब्ध करून देतात, जुन्या यंत्रांना नवे पडदे बसवले जातात आणि खेळ साठवलेल्या, आतला सेल संपलेल्या कॅसेटी पुन्हा चालू केल्या जातात. या उद्योगात मीही पडले आणि स्वारगेट ते वाई या मार्गावरच्या एसटी कंडक्टरचा एक छोटा खेळ, संपूर्ण मराठी अक्षरांत, या यंत्रासाठी तयार केला. त्या कामाची ही हकिगत आहे.

माझ्या बाबतीत यात स्मरणरंजन जवळजवळ नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. १९९० च्या दशकात आमच्या घरी आणि शेजारीपाजारी हातातले खेळयंत्र होते ते ‘ब्रिक गेम’ नावाचे, वरून पडणारे ठोकळे रचण्याचे. त्यावर हजारो खेळ असल्याचे छापलेले असे आणि प्रत्यक्षात बहुतेक खेळ म्हणजे मोजक्या खेळांचेच वेग बदललेले अवतार असत. टीव्हीला जोडायच्या खेळांच्या कॅसेटीही मिळत. गेम बॉय मात्र परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून यायचा आणि तसे नातेवाईक तेव्हा आम्हाला नव्हते. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली, ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या किटवर षोडशमान आकडे दाबत प्रात्यक्षिके पूर्ण केली आणि नंतर पुण्यात अक्षरजुळणीच्या व्यवसायात शिरले. या दोन गोष्टी, जुना प्रोसेसर आणि देवनागरी अक्षर, पुन्हा कधी एकत्र येतील असे वाटले नव्हते.

त्या एकत्र आल्या त्या गेम बॉयची तांत्रिक माहिती वाचताना. या यंत्राचा प्रोसेसर शार्प कंपनीने बनवलेला आहे, तो ८०८० आणि झेड-८० या जुन्या प्रोसेसरांच्या घराण्यातला आहे आणि त्याच्या रजिस्टरांची, म्हणजे आतल्या आकडे ठेवण्याच्या जागांची, नावे ए, बी, सी, डी, ई, एच, एल अशी अगदी आमच्या किटवरच्यासारखीच आहेत. फरक असा की इथे बाहेरच्या भागांशी आकडे देण्याघेण्याच्या ‘इन’ आणि ‘आउट’ या आज्ञाच नाहीत. पडदा, आवाज आणि बटणे या सर्वांना मेमरीतले पत्ते दिलेले आहेत आणि त्या पत्त्यावर आकडा लिहिला की काम होते. ही माहिती कंपनीने लोकांसाठी छापलेली नव्हती. ‘पॅन’ या टोपणनावाच्या एका हौशी माणसाने १९९५ मध्ये तिचे संकलन सुरू केले, त्यात अनेकांनी भर घातली आणि ‘पॅन डॉक्स’ या नावाने ते संकलन आजही दुरुस्त होत असते. यंत्र चालू करताच जो २५६ बाइटांचा अंतर्गत प्रोग्राम चालतो, तो बरीच वर्षे कोणालाच वाचता आला नव्हता, कारण काम संपताच तो स्वतःला बाहेरच्यांच्या नजरेआड करून घेतो. २००३ मध्ये ‘नेविक्स्टी’ या टोपणनावाच्या एका उत्साही माणसाने चिपचे आवरण काढून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बिट डोळ्यांनी वाचून तो उतरवून घेतला. मला या छंदाकडे ओढले ते या चिकाटीने. ज्या यंत्राविषयी कळण्यासारखे बहुतेक सगळे कळलेले आणि लिहून ठेवलेले आहे, अशी यंत्रे माझ्या रोजच्या कामात आता उरलेली नाहीत. माझ्या मेजावरच्या संगणकात काय चालते ते मला अर्धेदेखील ठाऊक नाही.

यंत्र मिळाले ते मावसभावाकडून. तो नोकरीनिमित्त ओसाकाला असतो. तिथल्या निप्पोनबाशी भागात जुन्या खेळांची दुकाने आहेत आणि नादुरुस्त वस्तू तिथे वेगळ्या टोपलीत स्वस्तात मिळतात. त्याने आणलेला गेम बॉय १९८९ च्या मूळ घडणीचा, करड्या रंगाचा, पिवळट पडलेला होता. चार पेन्सिल सेल घालून तो चालू होईना. मागचे स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात, त्यासाठी वेगळा पेचकस लागतो; तो तपकीर गल्लीत मिळाला. उघडल्यावर दिसले की सेल पाझरून पत्र्याच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर चढला आहे. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो काढला, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोके पुसली आणि यंत्र जिवंत झाले. पण पडद्यावर काही उभ्या रेषा गायब होत्या. हा या यंत्राचा सुप्रसिद्ध आजार आहे. काचेच्या खालच्या कडेला चिकटवलेल्या रिबनचा सांधा काळाबरोबर सुटतो, आणि त्या सांध्यावरून सोल्डरिंग आयर्नचे टोक बेताच्या उष्णतेने फिरवले की तो पुन्हा धरतो. काम करताना यंत्र चालूच ठेवायचे, म्हणजे एकेक रेष परतताना दिसते. ही युक्ती कोणी शोधली हे आता सांगता येणार नाही, पण ती जगभरच्या हौशी लोकांना तोंडपाठ आहे.

दुरुस्ती इतकी सोपी असण्याला कारण आहे. निंटेंडोत या यंत्राची रचना गुनपेई योकोई यांच्या विभागाने केली आणि योकोई यांचे धोरण असे होते की नवनवीन तंत्रज्ञानाच्या मागे न धावता, स्वस्त झालेले आणि पूर्णपणे कळलेले तंत्रज्ञान वेगळ्या कामाला लावावे. त्याच काळात आलेले सेगाचे ‘गेम गियर’ रंगीत होते, त्याच्या पडद्यामागे दिवा होता, ते सहा सेल भराभर संपवत असे. आज त्या यंत्रांतले कपॅसिटर पाझरून गेलेले असतात आणि जवळजवळ प्रत्येक यंत्रात ते बदलावे लागतात. गेम बॉयमध्ये बिघडण्यासारखे मुळातच थोडे आहे.

आता खेळाकडे येते. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, चार छटांचा. चित्र ठिपक्या-ठिपक्याने काढता येत नाही. ते आठ बाय आठच्या चौकोनी तुकड्यांनी, म्हणजे ‘टाइल’नी, भरावे लागते. आडव्या २० आणि उभ्या १८ टाइल मिळून पडद्यावर ३६० जागा होतात, पण पार्श्वभूमीला एका वेळी वेगवेगळ्या २५६ टाइलच वापरता येतात. एका टाइलला १६ बाइट लागतात. हलणारी चित्रे, म्हणजे ‘स्प्राइट’, पडद्यावर जास्तीत जास्त ४०, आणि एका आडव्या ओळीत फक्त १०. अकरावे दिसतच नाही. त्यामुळे एसटीतले बसलेले प्रवासी पार्श्वभूमीत रंगवायचे आणि फक्त कंडक्टर व दारातून चढणारा माणूस स्प्राइट ठेवायचे, हा निर्णय पहिल्याच संध्याकाळी झाला.

सुरुवात मी ‘जीबी स्टुडिओ’ने केली. ख्रिस माल्टबी यांनी २०१९ मध्ये खुले केलेले हे साधन प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही गेम बॉयचा खेळ बांधू देते: चित्रे टाकायची, पात्रे ठेवायची, घटना जोडायच्या. गेल्या काही वर्षांत या यंत्रासाठी नव्या खेळांचा जो पूर आला त्यामागे हे साधन आहे, असे मला वाटते. चित्रकार, लेखक, संगीतकार अशी जी मंडळी पूर्वी दारातच थांबत, ती यामुळे आत आली. माझा कंडक्टर एका बैठकीत गाडीत चालू लागला. अडले ते अक्षरांपाशी. या साधनातला अक्षरसंच आठ ठिपके उंचीच्या चौकटीत बसवायचा असतो, आणि आठ ठिपक्यांत देवनागरी बसत नाही. शिरोरेषेला एक ठिपका, वर मात्रा-वेलांटीला किमान तीन, खाली उकाराला दोन धरले तर अक्षराच्या अंगाला दोनच उरतात. दोन ठिपक्यांत ‘प’ आणि ‘ष’ यांत फरक दाखवता येणार नाही, त्यात ‘क’ किंवा ‘झ’ यांची तर बातच नको.

म्हणून ‘जीबीडीके-२०२०’ या संचाकडे वळले, ज्यात सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम गेम बॉयच्या यंत्रभाषेत उतरवता येतो. मूळ संच १९९० च्या दशकाच्या अखेरीचा. तो मध्ये बरीच वर्षे पडून होता आणि दुसऱ्याच लोकांनी तो पुन्हा हाती घेऊन अद्ययावत केला, म्हणून नावात ते साल आहे.

अक्षरासाठी मी सोळा ठिपक्यांची उंची, म्हणजे एकावर एक दोन टाइल, ठरवली. वरचे चार ठिपके मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि रफार यांना, पाचव्यावर शिरोरेषा, पुढचे आठ अक्षराच्या अंगाला, शेवटचे तीन उकारांना. रुंदी आठच ठेवली. या निर्णयाचा तोटा उघड आहे: ‘र’ आपल्या चौकटीत एकटा पडल्यासारखा दिसतो आणि ‘ख’ कोंबलेला वाटतो. पण एक फायदा असा झाला की जो रोमन लिपीत कधीच मिळत नाही. रोमन अक्षरांमध्ये प्रत्येक चौकटीत एक उभी रांग रिकामी सोडावी लागते, नाहीतर अक्षरे एकमेकांना चिकटतात. देवनागरीत शिरोरेषा चिकटायलाच हवी असते. टाइल एकमेकींना खेटून बसतात, त्यामुळे शब्दाची शिरोरेषा काहीही न करता सलग होते आणि शब्द संपला की रिकाम्या टाइलने आपोआप तुटते. पडद्यावर ‘शिरवळ’ हा पहिला शब्द उमटला तेव्हा त्या रेषेने सगळा ओबडधोबडपणा सावरून घेतला होता.

मात्रांचा प्रश्न संख्येचा होता. प्रत्येक व्यंजनाची प्रत्येक मात्रेसह वेगळी टाइल काढायची तर शेकडो टाइल झाल्या असत्या आणि बत्तीस किलोबाइटांच्या कॅसेटमध्ये खेळाला जागाच उरली नसती. उपाय सोळा ठिपक्यांच्या वाटणीतच होता. व्यंजनाच्या वरच्या टाइलमध्ये पहिल्या चार रांगा कोऱ्या असतात आणि मात्रेच्या टाइलमध्ये नेमक्या त्याच चार रांगा भरलेल्या असतात. म्हणजे दोन्हींचे सोळा-सोळा बाइट ‘ऑर’ या क्रियेने (दोहोंपैकी एकात जरी ठिपका भरलेला असला तरी तो भरायचा) एकत्र केले की मात्रा आपल्या जागी बसते आणि कशालाही धक्का लागत नाही. उकाराचे खालच्या टाइलमध्ये तसेच. प्रोसेसरला हे काम क्षुल्लक आहे. शिवाय ‘व’ आणि ‘ब’, ‘प’ आणि ‘ष’ यांची वरची टाइल सारखीच निघाली, कारण त्यांच्यातला फरक सगळा खाली पडतो. त्यामुळे आणखी काही जागा वाचली. ऱ्हस्व वेलांटीने मात्र पुरेसा त्रास दिला. तिचा दांडा आधीच्या चौकटीत आणि वरची कमान पुढच्या अक्षरावर, त्यामुळे तिचे दोन तुकडे करून कमानीचा तुकडा पुढच्या व्यंजनाच्या टाइलवर चढवावा लागला.

जोडाक्षरांसाठी सर्वसाधारण नियम लिहिण्याच्या फंदात मी पडले नाही. खेळात येणारे सगळे शब्द ठाऊक होते: स्वारगेट, कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ, खंडाळा, वेळे, सुरूर, वाई. त्यांत ‘स्व’ आणि ‘त्र’ ही दोन जोडाक्षरे आणि ‘रू’ हे वेगळ्या वळणाचे रूप. संवादांतून आणखी थोडी निघाली. तेवढी हाताने काढून ठेवली. ‘ट्ट’ हे एकाखाली एक लिहिण्याचे जोडाक्षर आठ ठिपक्यांत कोणत्याही प्रकारे बसेना, तेव्हा ‘सुट्टे’ सोडून एसटीतल्या पाटीवर असते तसे ‘सुटे पैसे’ लिहिले. पाटी रंगवणाऱ्यानेही जागेचाच विचार केला असेल असे आता मला वाटते.

मजकूर साठवायचा कसा, हा पुढचा प्रश्न. आजच्या सर्वसाधारण यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. कॅसेटची एकूण जागा ३२,७६८ बाइट असताना ही चैन परवडणारी नव्हती. इथे व्यवसायातली जुनी आठवण कामी आली. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे ‘इस्की’ हे प्रमाण होते, भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये स्वीकारलेले. त्यात भारतीय लिप्यांचे प्रत्येक चिन्ह एका बाइटात मावते आणि जोडाक्षर हलन्ताच्या चिन्हाने सांगितले जाते. पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेच्या ‘जिस्ट’ या भारतीय लिप्यांच्या तंत्रज्ञानामागेही हेच प्रमाण होते आणि डॉसच्या काळात कितीतरी कार्यालयांत मराठी पडद्यावर आली ती त्याच्या आधारे. मी मजकूर संगणकावर युनिकोडमध्ये लिहिते, पायथन या संगणकभाषेतली एक छोटी आज्ञावली त्याचे इस्कीत रूपांतर करते आणि गेम बॉय ते एकेक बाइट वाचून अक्षरे जुळवतो. मजकूर एक तृतीयांश झाला. वापरातून गेलेले प्रमाण वापरातून गेलेल्या यंत्रावर इतके नेमके बसावे, याचे मला मनापासून समाधान वाटले.

जुळवलेली टाइल पडद्याच्या मेमरीत पोचवण्यालाही वेळेचे बंधन असते. यंत्र सेकंदाला सुमारे साठ वेळा पडदा रंगवते आणि ओळ रंगवत असताना ती मेमरी बंद असते. १४४ ओळी रंगवून झाल्या की दहा ओळींइतकी, म्हणजे साधारण एक सहस्रांश सेकंदाची, उसंत मिळते. तेवढ्यात थोड्याच टाइल हलवता येतात. म्हणून मी प्रत्येक उसंतीत एकच अक्षर हलवायचे ठरवले, आणि जुन्या खेळांत संवाद एकेका अक्षराने उमटतात तसेच दृश्य आपोआप दिसू लागले. प्रवासी ‘एक शिरवळ द्या’ असे म्हणतो आणि ते शब्द त्याच्या बोलण्याच्या चालीने येतात.

संगणकावरच्या अनुकरण-प्रोग्राममध्ये, म्हणजे एम्युलेटरमध्ये, हे सगळे काचेसारखे स्वच्छ दिसत होते. माझ्याकडचा ‘सेमबॉय’ हा एम्युलेटर अचूकतेसाठी नावाजलेला आहे आणि टायमिंगच्या चुका त्याने भराभर दाखवल्या. पण मूळ पडद्याचा मंदपणा प्रत्यक्ष यंत्रावरच कळतो. १९८९ चा तो द्रवस्फटिक पडदा एखादा ठिपका काळा केल्यावर सावकाश काळा होतो आणि सावकाश पुसला जातो. मी खिडकीबाहेरचे दृश्य दोन थरांत सरकवले होते: पडदा अर्धा रंगून झाल्यावर यंत्राला अडवून सरकण्याचा आकडा बदलायचा, म्हणजे वरच्या भागात डोंगर हळू जातात आणि खाली रस्ता वेगाने. युक्ती जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली आहे. प्रत्यक्ष पडद्यावर मात्र वेगाने जाणाऱ्या रस्त्याचा नुसता करडा पट्टा झाला आणि गावाच्या पाट्या वाचताच येईनात. नवा उजळ पडदा बसवून हा प्रश्न सुटतो. चीनमध्ये बनणारे असे पडदे आता सहज मिळतात आणि बहुतेक हौशी लोक ते बसवतातच. मी मूळ पडदा ठेवला आणि खेळ बदलला. आता थांबा जवळ आला की गाडीचा वेग कमी होतो, पाटी पूर्ण थांबल्यावरच वाचायची वेळ येते आणि खंबाटकी घाटात गाडी इतकी सावकाश चढते की डोंगराचा प्रत्येक कडा दिसतो. घाट असा व्हायला हवा होता हे मला आधी सुचलेही नव्हते.

आवाजाबद्दल थोडक्यात. यंत्रात चार वाहिन्या आहेत: दोन चौकोनी लहरींच्या, एक आपण आकार देऊ त्या लहरीची आणि एक खरखरीची. इंजिनाला खरखर, तिकिटाच्या पंचाला खरखरीचाच अगदी तोकडा तुकडा, आणि घंटेला चौकोनी लहर झपाट्याने विरत नेलेली. सूर बसवायला ‘ह्यूज-ट्रॅकर’ हे साधन वापरले. या चार वाहिन्यांवर लोकांनी काय काय केले आहे ते ऐकायचे असेल तर योहान कोटलिन्स्की यांच्या ‘लिटल साउंड डीजे’ या कॅसेटवर बांधलेले संगीत ऐकावे. २००० च्या सुमारास आलेल्या या प्रोग्रामने गेम बॉयचे वाद्य केले आणि तो हातात घेऊन लोक रंगमंचावर उभे राहू लागले. खेळ म्हणून हे यंत्र बंद पडले तरी वाद्य म्हणून ते टिकले असते.

कॅसेटचे काम मी भीत होते तितके अवघड निघाले नाही. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश चिपची कॅसेट आणि ती यूएसबीने संगणकाला जोडणारे लहानसे यंत्र, दोन्ही हौशी लोकच बनवून विकतात. कॅसेटच्या सुरुवातीच्या ठरलेल्या जागी निंटेंडोच्या बोधचिन्हाचे ४८ बाइट हुबेहूब असावे लागतात. यंत्र चालू होताना वरून खाली उतरणारे ते नाव तिथूनच वाचले जाते, आतल्या प्रतीशी ताडून पाहिले जाते आणि एक बिट जरी चुकला तरी यंत्र तिथेच थांबते. परवानगीशिवाय खेळ काढणाऱ्यांना रोखायला केलेली ही व्यवस्था आज प्रत्येक हौशी खेळात निमूटपणे पाळली जाते. त्याखेरीज शीर्षभागातील काही बाइटांची बेरीज जुळावी लागते, ते काम साधनेच करून देतात. दुसऱ्यांचे खेळ फुकटात उतरवून घेण्याचा जो व्यवहार या यंत्रांभोवती चालतो, त्याची आणि या कामाची अनेकजण गल्लत करतात. माझ्या कॅसेटवर त्या ४८ बाइटांखेरीज आणि ज्यांनी खुशीने दिली त्या साधनांखेरीज दुसऱ्याचे काही नाही.

खेळ बऱ्यापैकी उभा राहिल्यावर तो आमच्या इमारतीतल्या एका काकांना दिला. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या नोकरीचा बराच काळ पंच व छापील तिकिटांच्या पेटीत गेला आहे. चष्मा कपाळावर सरकवून, यंत्र खिडकीच्या उजेडाकडे तिरपे धरून ते खेळू लागले. मूळ पडद्याला मागून दिवा नसल्यामुळे तसे धरावेच लागते, हे त्यांना सांगावे लागले नाही. कात्रज येण्याआधीच त्यांनी थांबून विचारले, “यात डबल बेल कोण देतंय?”

मी म्हणाले, “काका, सगळे चढले की गाडी आपोआप सुटते.”

“अगं, मग कंडक्टर कशाला ठेवलायस? दार लागलं का ते बघून डबल बेल आपण द्यायची. त्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही.”

त्यानंतर डावीकडच्या बटणावर घंटा आली: एकदा दाबली की गाडी थांबवायची, लागोपाठ दोनदा दाबली की सोडायची. दोन दाबांमध्ये किती अंतर चालेल हे पडद्याच्या फेऱ्या मोजून ठरवले आणि काकांच्या अंगठ्याच्या वेगाशी जुळवून घेतले. त्यांची दुसरी हरकत जास्त गंभीर होती. “तुझा कंडक्टर प्रत्येकाला सुटे देतोय. एवढे सुटे त्याने आणले कुठून? सकाळच्या पहिल्या गाडीला गल्ल्यात काही नसतं. तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची, उतरताना घेऊन जा म्हणायचं. निम्मे लोक विसरतात, आणि उरलेल्यांपैकी दोघे जण लिहिलेल्यापेक्षा जास्त मागतात.”

खेळाचा गाभा तिथे मिळाला. तोपर्यंत तो बेरीज-वजाबाकीचा वेगवान खेळ होता. आता तो लक्षात ठेवण्याचा खेळ झाला. खेळणारा बाकी लिहून देतो, पेटीत सुटे साठतील तसे देणी फेडतो, आणि प्रवासी आपल्या थांब्यावर उतरण्याआधी त्याची बाकी दिली नाही तर पुढच्या फेरीत तो प्रवासी तिकीट काढताना वाद घालतो. हिशेबाला प्रत्येक प्रवाशामागे एकच बाइट लागतो. पण तिकिटाची मागची बाजू दाखवणारी चौकट, तीवर हाताने लिहिल्यासारखे दिसणारे आकडे आणि वादाचे नवे संवाद एवढे सगळे घातल्यावर खेळ ३२ किलोबाइटांत मावेना. मोठ्या कॅसेटची सोय असते; त्यात मेमरीचे पान बदलणारी एक जादा चिप असते आणि आठ मेगाबाइटांपर्यंत जाता येते. मला ते नको होते. ठोकळ्यांचा जो खेळ या यंत्राबरोबर जगभर गेला तो ‘टेट्रिस’ ३२ किलोबाइटांतच बसला होता, आणि नऊ थांब्यांच्या एसटीला त्याहून अधिक जागा लागावी हे पटेना. मुखपृष्ठावरची धून काढून टाकली. ती बसवायला बराच वेळ गेला होता आणि ती चांगलीही झाली होती, पण तिच्या जागी बाकीचा सगळा हिशेब मावला आणि वर शे-सव्वाशे बाइट उरले. काकांचे म्हणणे आहे की तेवढ्यात हाफ तिकीट बसायला हवे, कारण पाच ते बारा वर्षांच्या मुलाचे वय आईने किती सांगायचे आणि कंडक्टरने किती मानायचे, हा वाद नसेल तर ती एसटी नव्हे. सध्या मी त्याचे संवाद छाटते आहे.